न जेवता दिलेले मार्क

१३ जून २०२३ ला नीटचा निकाल लागला आणि दोन-चार दिवसांत लातूरच्या ट्यूशन एरियात रिपीटरची, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्या पोरांची, गर्दी सुरू झाली. आम्हा मेसवाल्यांची ही सुगी. पोरगं, आई, बाप आणि सोबत एखादा मामा असे चौघं आधी रूम बघतात, मग मेस. एकेक ताट जेवतात, ढेकर देतात आणि जागेवर महिन्याचे पैसे भरतात. २०१४ पासून असंच चालत आलेलं. त्या वर्षी मात्र हिंगोलीकडच्या एका वडिलांचा फोन आला. दर विचारला, वेळा विचारल्या, सगळं पटलं, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, नकाशावर तुमचे तीन पॉइंट चारच दिसायलेत. तुमच्या शेजारच्याला चार पॉइंट तीन हायेत."

मी म्हटलं, या, एकदा जेवून बघा. ते आले नाहीत.

त्या रात्री भांडी झाल्यावर लेकीचा मोबाइल घेऊन बसले. आपल्या मेसबद्दल लोक नेटवर काय लिहितात हे मी तोवर एकदाही वाचलं नव्हतं. पोरं समोरच जेवतात, तोंडावरून कळतंच की, असं वाटायचं. एकूण ६१ जणांनी लिहिलं होतं. पहिलंच होतं, "आमटीवर नुसतं तेल तरंगतंय." दोन खाली दुसरं, "तर्री नावालाबी नाही." दोघांचाही एकेक स्टार. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारीचं पीठ चाळता चाळता ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोघायला एका ताटावर बसवावं."

झोप लागेना म्हणून किराणाच्या हिशोबाची वही मागून उघडली आणि एकसष्टच्या एकसष्ट नोंदी उतरवून काढल्या. पाच स्टारवाले २६. त्यातल्या ११ जणांनी एक अक्षर लिहिलेलं नाही, बाकीच्यांचं बहुतेक "घरच्यासारखं जेवण". एक स्टारवाले १५. त्यातल्या सहा जणांची तक्रार खाड्यांची, म्हणजे सुट्टीला गावी गेलो त्या दिवसांचे पैसे कापले नाहीत म्हणून. तिघांची रविवारी रात्री मेस बंद असते म्हणून. दोघांनी नुसता स्टार टेकवलेला. जेवणाबद्दल फक्त चौघं. स्वच्छतेबद्दल साठावर लोकांत मिळून दोन वाक्यं, आणि त्यातलं एक बेसिनच्या आरशाबद्दल.

म्हणजे वरून दिसायला तो आकडा जेवणाचा, आत मात्र खाडे, रविवार आणि आरसा. मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तीन आणि त्याखालच्या २६ नोंदींत एक शब्द नऊ वेळा आला होता. गार. "आमटी गार", "भात गार", "दीड वाजता गेलो तर सगळं गार". त्या शब्दाखाली रेघ मारली आणि वही मिटली. त्या रेघेचा उपयोग पुढं चार महिन्यांनी झाला.

जुलैत दुसरं प्रकरण उभं राहिलं. जवळच्याच एका मुलींच्या होस्टेलला चाळीस डबे हवे होते. होस्टेलच्या मालकीणबाई बोलायला चांगल्या, पण अट स्पष्ट होती. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स पाहिजे आणि जमलं तर हायजीन रेटिंगही, कारण पालक विचारतात. मी ऐटीत भिंतीवरचा चौदा आकडी नंबर दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "ताई, हे रजिस्ट्रेशन आहे. लायसन्स वेगळं."

हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. वर्षाला शंभर रुपये भरून रजिस्ट्रेशन घेतलं होतं आणि तेच लायसन्स असं समजून चालले होते. तेव्हाचा नियम असा की वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर रजिस्ट्रेशन पुरतं, त्यावर गेली की राज्याचं लायसन्स लागतं. मी मनात हिशोब केला. ७० पोरं, महिना २,९०० रुपये, सुट्ट्या वगळून दहा महिने. वीस लाखांच्या वर! नफा नव्हे, उलाढाल. पण कायदा उलाढालच बघतो. तुमची मेस लहान वाटत असली तरी हा गुणाकार आजच करून बघा. माझ्या ओळखीच्या चार मेसवाल्यांनी केला आणि चौघंही गप्प झाले.

एका एजंटनं लायसन्सचे नऊ हजार सांगितले. सरकारी फी वर्षाला २,००० रुपये, तीही ऑनलाइनच भरायची. लेकीला म्हटलं, चल, आपणच करू. फॉस्कॉस नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर २४ जुलैला, सोमवारी, अर्ज टाकला. भाडेकरार, आधार, भांड्याकुंड्यांची आणि यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल आणि स्वयंपाकघराचा आराखडा एवढं लागलं. आराखडा मी वहीच्या पानावर पट्टीनं काढला होता. ३ ऑगस्टला अर्ज परत आला. मापं लिहिलेली नव्हती, नाली कुठून जाते ते दाखवलं नव्हतं. चूक माझीच होती. गल्लीतल्या सिव्हिल डिप्लोमावाल्या पोराला दोन वेळचं जेवण देऊन नीट आराखडा करून घेतला. अर्ज परत आला की घाबरू नका, नवी फी भरायची नसते. फक्त आपल्या खात्यात रोज डोकावत राहा. निरोप तिथंच येऊन पडतो, घरी फोन करून कुणी सांगत नाही.

खरी दमछाक पाण्यानं केली. लातूरकरांना पाण्याबद्दल काय सांगायचं! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमची मेस दोन वर्षांची होती आणि आम्ही तीन महिने पत्रावळीवर वाढलं होतं. २०२३ च्या ऑगस्टातही पाऊस फिरकला नाही, बोअर खाली गेलं आणि आठवड्याला एक टँकर सुरू झाला. पहिल्या अहवालात कोलिफॉर्म जंतू निघाले. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये ते अजिबात सापडता कामा नयेत. मला वाटलं बोअरच बाद. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, नमुना कुठल्या नळाचा? टाकीवरच्या. टाकी कधी धुतली? मी गप्प.

टाकी खरवडून धुतली, क्लोरिन घातलं, झाकणाला नवी जाळी लावली. दुसऱ्यांदा नमुना घेताना बाईंनी सांगितलं तसं केलं. नळाची तोटी आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, बोळा पेटवून तोटीभोवती फिरवला, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं आणि मगच निर्जंतुक बाटली भरली, तिच्या तोंडाला बोट न लावता. बाटली बर्फाच्या डब्यात घालून तासाभरात पोचवली. मामी बघत होत्या. "नळाला ओवाळायलीस व्हय?" म्हणाल्या. या वेळी अहवाल स्वच्छ आला. दोन्ही वेळचे मिळून ३,८०० गेले. तुम्ही आधी टाकी धुवा, मग नमुना द्या. तेवढेच निम्मे वाचतील.

२९ ऑगस्टला अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी पाहणी करून गेले, ११ सप्टेंबरला लायसन्स हातात पडलं. वाटलं, सुटलो. होस्टेलच्या बाईंनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "आणि रेटिंग?"

हायजीन रेटिंग ऐच्छिक आहे. त्यात आधी आपणच यादी बघून आपल्याला मार्क द्यायचे, मग एफएसएसएआयनं मान्यता दिलेल्या संस्थांपैकी एक निवडायची, तिची फी भरायची आणि तिचा माणूस येऊन तपासतो. पाचपैकी किती स्मायली ते त्यावरून ठरतं. यादी मोबाइलवर न वाचता छापून घ्या. मी छापली आणि मेसच्या दाराजवळ चिकटवली. माझे मार्क मी प्रामाणिकपणे दिले तर निम्म्यावर अडकले.

ऑक्टोबर सगळा त्यात गेला. सहा जणांची वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, अर्ध्या दिवसाचं फॉस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षेचं, प्रशिक्षण. पंचवीस कामगारांमागं एक प्रशिक्षित माणूस लागतो, ती मीच झाले. कांद्या-बटाट्याची पोती जमिनीवरून उचलून मांडणीवर ठेवली, पायानं उघडणारे कचऱ्याचे डबे आणले, ट्यूबलाइटला झाकणं बसवली, खिडक्यांना जाळ्या मारल्या. हे सगळं पैशांनी होतं. भाकरीवाल्या मावशींच्या बांगड्या पैशांनी होत नव्हत्या.

मावशी बारा वर्षांच्या होत्या तेव्हापासून भाकरी थापतात. परातीवर पीठ, त्यावर पाण्याचा हात, आणि थापताना दोन्ही मनगटांतल्या हिरव्या काचेच्या बांगड्यांचा एका लयीत आवाज. तो आवाज थांबला की पोरं ओळखतात, भाकरी तव्यावर पडली. यादी म्हणते, स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर दागिने नकोत. काच तर नकोच. मी विषय काढला तेव्हा मावशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी कामाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मामी त्यांच्या घरी जाऊन आल्या. तोड मामींनीच काढली. शिंप्याकडून रबरी मनगटाच्या लांब बाह्यांचे ॲप्रन शिवून घेतले, बांगड्या कोपराकडं सारायच्या आणि बाही त्यावर ओढायची. भाकरी तशीच होते. आवाज तेवढा गेला.

त्या प्रशिक्षणात मी ८५० रुपयांचं सुईचं थर्मामीटर विकत घेतलं. नियम साधा आहे. गरम वाढायचं अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, मधल्या टापूत जंतू वाढतात. घरी येऊन गंमत म्हणून दुपारच्या आमटीत सुई बुडवली. साडेअकराला, पहिल्या पंगतीला, ८१. साडेबाराला ६३. दीड वाजता, क्लास सुटून दुसरी पंगत बसते तेव्हा, ४८.

मी वही काढली. रेघ मारलेला शब्द. दीड वाजता गेलो तर सगळं गार.

इतकी वर्षं मला वाटत होतं, पोरं उशिरा येतात आणि वर गार म्हणून नाक मुरडतात. त्यांच्या जिभेनं जे सांगितलं तेच सुईनं सांगितलं, तेव्हा कुठं मला पटलं. बेन-मारी, म्हणजे गरम पाण्यावर अन्न ऊन ठेवणारं टेबल, घ्यायला पैसे नव्हते. मग आमटीची दोन पातेली केली, दुसऱ्याला फोडणी एक वाजता. गॅस थोडा जास्त जातो.

याच सुमाराला, दिवाळीनंतर, आमच्याकडं दोन वर्षं जेवलेली एक मुलगी भेटायला आली. ती आता परभणीला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकते. तिला मी तेल-तर्रीची ती दोन वाक्यं दाखवली. ती म्हणाली, "काकू, असं विचारून कळत नसतं. आंधळी चाचणी घेऊ." तिच्या अभ्यासात नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी असते. 'अजिबात आवडलं नाही' ला एक, 'अतिशय आवडलं' ला नऊ, मध्ये पाच म्हणजे ना आवडलं ना नावडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या जेवणासाठी ती बनवली आणि आज जगभर वापरतात, असं तिनं सांगितलं.

२६ नोव्हेंबरच्या रविवारी २४ पोरं बसवली. प्रत्येकापुढं दोन वाट्या, एकीवर २७४, दुसरीवर ६१८. एक, दोन असं लिहायचं नाही, नाहीतर माणूस पहिलीला उगाच चांगली म्हणतो. दोन वाट्यांच्या मध्ये पाण्याचा घोट आणि कोरड्या भाताचा घास. बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या कागदात बघायचं नाही. निम्म्यांना आधी ही वाटी, निम्म्यांना आधी ती. दोन्ही वाट्यांत एकाच पातेल्यातली येसर आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, होती. फरक एवढाच की २७४ ही ६५ अंशांची आणि ६१८ ही ४५ ची.

२७४ ला सरासरी ७.१ आणि ६१८ ला ५.४. गारबद्दल काय लिहिलं होतं ते जास्त मजेशीर. "मसाला कमी." "पीठ जास्त झालंय." "तेलकट." एकानं "वेगळी रेसिपी, पहिलीच ठेवा" असा सल्लाही दिला. गार असं फक्त सहा जणांनी लिहिलं. बाकीच्यांना काहीतरी बिघडलंय एवढं जाणवलं होतं आणि त्यांनी ते ज्या शब्दात सापडलं त्यात बसवलं.

मग त्या मुलीनं वाढपाकडं बघितलं. आमचा वाढपी पळी वरच्यावर घालतो. पहिल्या दहा-पंधरा जणांना तवंग जातो, शेवटच्यांना तळाची डाळ. म्हणजे "नुसतं तेल" लिहिणारा आणि "तर्री नाही" लिहिणारा, दोघंही आपापल्या वाटीपुरते खरे होते. तेव्हापासून प्रत्येक पळीआधी तळापासून ढवळायचं, अशी सक्ती आहे. एकाही ऑडिटच्या यादीत हे मला सापडलेलं नाही.

२ डिसेंबरला रेटिंगचा अर्ज टाकला. संस्थेची फी ५,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६,४९०. तीन संस्थांना फोन करून विचारा, प्रवासखर्च आत आहे की वेगळा हे आधी विचारा. आमच्याकडं येणारा माणूस बाहेरगावाहूनच येतो, त्यामुळं एका संस्थेचा प्रवासखर्च फीपेक्षा जास्त निघत होता. तारीख मिळाली १९ डिसेंबर, मंगळवार.

आदल्या रात्री मी आणि लेक बारापर्यंत डब्यांवर तारखा चिकटवत होतो. सकाळी पावणेअकराला एक तरुण सर आले. पहिली गोष्ट काय केली तर हात धुतले, आणि धुताना साबण, टॉवेल, नळ सगळं बघून घेतलं. पुढं दोन तास चाळीस मिनिटं. फ्रिजच्या खाली बॅटरी मारली. डाळीच्या डब्यातला जुना माल वर की खाली ते बघितलं. चिरायचे पाट वेगळे आहेत का, पालेभाजी क्लोरिनच्या पाण्यात धुता का, कीड नियंत्रणाचं बिल कुठं आहे. भांडी घासणाऱ्या पोराला म्हणाले, "हात कसे धुतो, दाखव." पोरगं इतकं घाबरलं की कोपरापर्यंत धुतले. रविवारच्या भज्यांचं तेल किती वेळा वापरता, असं विचारलं. मी खरं सांगितलं, पूर्वी तीन रविवार चालायचं, ऑक्टोबरपासून नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात तयार होणाऱ्या पोलर घटकांची मर्यादा २५ टक्के आहे, त्यावर गेलं की ते तेल बाद, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मला मनात आठवत होतं ते पाच स्टारचं एक वाक्य, "इथल्या भज्यांना काय खमंग रंग येतो राव!" तो रंग कशाचा होता ते मला आणि कढईलाच ठाऊक.

टेबलावरचा शेंगदाण्याच्या चटणीचा आणि ठेच्याचा उघडा वाडगा त्यांना पसंत पडला नाही. मावशींची बाही वर करून बघितली, खाली केली, काहीतरी लिहिलं. आमटीत स्वतःची सुई घातली, ७४ आली. त्या क्षणी मला बारावीचा निकाल लागल्यासारखं झालं.

दीड वाजला तसं मामींनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी, कांदा. सरांनी हात जोडले. तपासायला आलोय, इथलं खाता येत नाही, म्हणाले. सोबत आणलेला पोह्यांचा डबा त्यांनी गाडीत बसून खाल्ला.

मामींना ते फार लागलं. "जेवल्याबिगर मार्क देणार व्हय? मग कळायचं कसं वो साहेब?" त्या दारापर्यंत गेल्या. सर हसले, म्हणाले, "आजी, चवीला आमच्याकडं रकानाच नाही." आणि खरंच नाही. केटरिंगसाठीची ती यादी एकूण ११४ गुणांची असते. जागा, पाणी, कामगार, साठवण, शिजवणं, नोंदी, सगळ्याला गुण. मीठ किती, भाकरी कशी, याला शून्य. मामी दोन दिवस "पोह्यावाला साहेब" म्हणत होत्या.

९ जानेवारी २०२४ ला निकाल आला. पाचपैकी चार स्मायली. गेले कुठं तर नालीवरच्या जाळीत, उघड्या वाडग्यात आणि रोजच्या तापमानाच्या नोंदी मी अर्ध्या महिन्याच्याच ठेवल्या होत्या त्यात. नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा, तारीख मागं टाकून भरू नका. एकाच पेनानं, एकाच घाईत भरलेलं पान लगेच ओळखू येतं.

दोन दिवसांनी, ११ जानेवारीला, येळवस होती. आमच्याकडं वेळ अमावस्येला गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. शटरला सकाळीच पाटी लावली होती, "आज मेस बंद". गावी न गेलेली वीसेक पोरं आमच्याच शेतात भज्जी-भाकरी खात आणि मडक्यातलं आंबील पीत बसली होती. संध्याकाळी लेकीच्या मोबाइलवर नवी नोंद आली. एक स्टार. "आज दुपारी जेवलो. भातात अळी निघाली."

माझे हातपाय गार पडले. सहा महिने, चार स्मायली, आणि बंद मेसच्या भातात अळी! रागानं तिथंच उत्तर लिहायला घेतलं, लेकीनं मोबाइल काढून घेतला. तिचं बरोबर होतं. आधी नकाशावरची आपली जागा आपल्या नावावर करून घ्यावी लागते, ते मी केलंच नव्हतं. त्यासाठी एक सलग व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, मग आपल्या हातानं किल्लीनं शटर उघडताना, आत स्वयंपाकघर. पहिल्या व्हिडिओत पाटीवर ऊन होतं, नाकारला. दुसरा चार दिवसांनी मान्य झाला. मग त्या नोंदीची तक्रार केली, बंदच्या पाटीचा तारीख दिसणारा फोटो आमच्याकडं होता, पण तक्रारीत तो जोडायला जागाच नव्हती. तीन दिवसांनी उत्तर, नियमभंग आढळला नाही. एकदाच अपील करता येतं, तेही केलं, तेही नाकारलं गेलं. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ असं मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं आहे, हे मला तेव्हा शोधताना कळलं. लिहिणारा खरा आहे का हे कसं तपासावं, छापावं कसं, सगळं त्यात आहे. फक्त ते पाळणं ऐच्छिक.

शेवटी उत्तर लिहिलं. पहिला मसुदा दीड पानाचा होता. दुसऱ्या दिवशी तो तीन ओळींवर आला. "नमस्कार. ११ जानेवारीला वेळ अमावस्येनिमित्त मेस दिवसभर बंद होती, पाटीचा फोटो सोबतच्या फोटोंत आहे. दुसऱ्या कुठल्या दिवशी असं घडलं असल्यास कृपया येऊन सांगा, स्वयंपाकघर बघा." उत्तर त्या माणसासाठी लिहायचं नसतं, पुढं वाचणाऱ्या हिंगोलीच्या बापासाठी लिहायचं असतं, हे लेकीनं मला शिकवलं. सोळा वर्षांची आहे.

एकूण खर्च विचाराल तर लायसन्स २,०००, पाणी ३,८००, वैद्यकीय तपासणी सहा जणांची २,७००, प्रशिक्षण ७००, कीड नियंत्रण २,४००, थर्मामीटर ८५०, मांडण्या-जाळ्या-डबे-ॲप्रन १४,३००, संस्थेची फी ६,४९०. बेरीज ३३,२४०. वेळ, पहिल्या अर्जापासून साडेपाच महिने. होस्टेलचे चाळीस डबे फेब्रुवारीपासून सुरू झाले.

आकडा आता ३.७ आहे. मार्चमध्ये "गार" हा शब्द एकदाही आला नाही. त्याच महिन्यात एका जुन्या पोरानं दोन स्टार देऊन लिहिलं, "आधीसारखं राहिलं नाही. टेबलावर ठेचा नसतो, मागितल्यावर टोपीवाली बाई चमच्यानं देते. दवाखान्यात जेवल्यासारखं वाटतं." तो रोज जेवायला येतो. मी त्याला काही बोलले नाही, ठेचा जरा जास्त वाढते.

सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागं लावलं. मामींना वाचता येत नाही, पण मोजता येतं. फ्रेमसमोर उभ्या राहून त्यांनी बोटानं चेहरे मोजले आणि विचारलं, "आन् पाचवा कामून रुसला?"

नालीची जाळी, म्हटलं. गवंडी अकराशे म्हणतोय. सोमवारी येतो बोललाय.